बेंदराच्या दिवशी सोडलेलं पाणी

चि. नील आणि रेवा,

शुक्रवारी सकाळी पुणं सोडलं तेव्हा गाडीत मागे नकाशांच्या गुंडाळ्या होत्या आणि पुढे तुमची मंजूआत्या आणि मी. खंबाटकी घाटात भुरभुर पाऊस होता. साताऱ्याला ऊन आलं आणि उजवीकडे अजिंक्यतारा स्वच्छ धुतल्यासारखा दिसला.

आत्या नक्की काय काम करते, असं तुम्ही फोनवर विचारलं होतं. ती तळी आखते. आष्ट्याजवळच्या एका गावाबाहेर बंगल्यांची वसाहत होते आहे. प्रत्येक बंगल्याच्या मागच्या दारी पाणी असावं, ही मालकांची हौस. म्हणून मधोमध तळं आणि त्याला जोडलेले कालवे. मालक सांगलीचे, कुपवाडला त्यांचा लहानसा कारखाना आहे. रविवारी ते प्लॉट घेणाऱ्या पाहुण्यांना तळं दाखवायला आणणार होते. तोवर ते काठोकाठ भरलं, तर सगळ्या कालव्यांचं काम मंजूकडे. नाही तर दुसरा माणूस बघू, असं त्यांनी सरळ सांगितलं होतं. स्वतःच्या नावावरचं तिचं हे पहिलंच मोठं काम.

मलकापूरला चहाला थांबलो. चहावाल्यानं विचारलं, "कुठं निघाला, आजी?"

"आष्ट्याकडे. माझ्या लेकीनं तळं बांधलंय, ते बघायला."

"तळं? आन् आमच्या कृष्णेनं काय घोडं मारलंय?" असं म्हणत त्यानं मला बिस्किटाचा पुडा दिला.

पेठ नाक्याला वळलं की दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तळ्यावर पोचलो तेव्हा ते निम्म्याहून जास्त भरलं होतं. वरच्या अंगाला फळ्या घालून गावाचा ओढा वळवून आत घेतला होता. मंजूनं मला समजावलं: इथे खाली मुरूम आहे, त्यातून पाणी झिरपून जातं. म्हणून तळाशी काळ्या मातीचा थर देऊन तो दाबून घट्ट करायचा. तळ्याचा झाला होता. पहिल्या कालव्यात मात्र माती पसरली आणि पावसानं गाठलं, त्यामुळे रोलर रुतून बसला होता. मी वाकून बघायला गेले आणि माझी एक चप्पल त्या चिखलात कायमची राहिली.

मंजू कामासाठी आली की गावात जिच्या घरी उतरते, त्या सुनंदाकडे मुक्काम होता. तिचा नवरा फौजेत. घरी ती आणि तिचे सासरे ज्ञानूआबा. संध्याकाळी ती वाटीत हळद आणि तूप कालवत होती. मला वाटलं, कुणाला लागलं-बिगलं असेल.

"खांदेमळणी हाय," ती म्हणाली. (खांदेमळणी म्हणजे सणाच्या आदल्या दिवशी बैलांचे खांदे चोळणं.) "उद्या बेंदूर न्हवं का."

मंजूचा घास हातातच राहिला. पुण्याकडे बैलांचा सण म्हणजे पोळा, तो श्रावण संपताना. इथे त्याला बेंदूर म्हणतात आणि तो आधीच येतो, हे तिला ठाऊक होतं. म्हणून तिनं मुकादमाला, इराप्पाला, विचारून घेतलं होतं. इराप्पा मिरजेच्या पलीकडचा. तो म्हणाला होता, "झाला की मॅडम, मागच्या पौर्णिमेला." त्याचा झालाच होता. या भागात बेंदूर दोन आहेत: सीमेकडच्या गावांचा कर्नाटकी, ज्येष्ठात, आणि या गावांचा आषाढात. आणि ओढा तर तळ्यात वळवलेला! ज्या डोहात अख्ख्या गावाचे बैल धुतात, तो खाली कोरडा पडला होता.

सकाळी ज्ञानूआबा आणि गावकरी बैल घेऊन तळ्याच्या फाटकाशी उभे राहिले.

"पानी सोडा बाई. न्हाईतर बैलं तुमच्या तळ्यात उतरवतो."

"आबा, खुरांनी तळाची माती फुटेल."

"मग सोडा."

"आज सोडलं तर उद्या तळं भरणार नाही. माझं काम जाईल."

"आनि आमचा सण गेला तर?" मागून एकजण म्हणाला, "बैलाला काय टावेल ओला करून पुसू व्हय रं?" सगळे हसले, आबा हसले नाहीत.

मंजूनं कालव्याकडे बघितलं. "सोडते. पण धुवायच्या आधी बैल या चिखलातून फिरवाल? खुरांनी माती घट्ट बसेल. रोलरला जमत नाही."

आबांनी मान हलवली. "आज बैलाला काम सांगत न्हाईत. मेलो तरी न्हाई."

मग मंजू स्वतः वर गेली आणि इराप्पाला फळ्या काढायला सांगितल्या. तासाभरात ओढा पुन्हा आपल्या वाटेनं डोहात उतरला.

त्या दिवशी आम्ही पुरणपोळी आणि कटाची आमटी जेवलो. रंगवलेली शिंगं, झुली, वाजंत्री, सगळं पाहिलं. मंजू मिरवणुकीत हसत होती, पण पोळी तिनं अर्धीच खाल्ली. फळ्या पुन्हा बसल्या त्या रात्रीच.

रविवारी उजाडताना घुंगरांचा आवाज आला. आबा आणि कालचेच सगळे, बैलांसकट कालव्यात उतरले होते. शिंगांवरचा रंग तसाच होता.

"आवं बाई, काल न्हाई म्हनलो," आबा वर न बघता म्हणाले. "आज कोन न्हाई म्हनतंय?"

मालक आले तेव्हा तळं हातभर कमी होतं. ते त्यांनी पहिल्या नजरेत हेरलं आणि चेहरा उतरला. पण पाहुणे तळ्याकडे बघतच नव्हते. ते कालव्याच्या काठावर उभे राहून रंगीत शिंगांचे बैल माती तुडवताना बघत होते. एका बाईंनी विचारलं, "हे काय चाललंय?"

मालकांनी क्षणभर मंजूकडे पाहिलं आणि म्हणाले, "आमच्याकडे कालवा असाच पक्का करतात. पूर्वीपासून."

काम मंजूकडेच राहिलं.

परतताना साताऱ्याला कंदी पेढे घेतले. दुकानासमोर गाडीच्या टपावरच तिनं नकाशा पसरला आणि कुंपणाच्या बाहेर एक पाट काढला: तळं भरत असतानाही ओढ्याचा एक वाटा डोहाकडे जाईल असा. मी नकाशाचं टोक धरून उभी होते. पाणी कुठे साठवायचं हे तिला शिकवलेलं होतं. कुणासाठी वाहतं ठेवायचं हे ती या गावात शिकली.

आता माझ्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर दोन्ही बेंदूर लाल शाईनं लिहिलेले आहेत. पुढच्या पावसाळ्यात आलात, तर त्यातल्या दुसऱ्याला जाऊ. चपला जुन्या घाला.

तुमची,
आजी