ओढ्यातला बोंबील

हसा, खुशाल हसा! अख्खं गाव हसून झालंय, तुम्ही कशाला मागे राहता? फक्त तोंडातला चहा आधी गिळा, नाहीतर ठसका लागेल आणि त्याचंही खापर माझ्यावर फुटेल. आणि एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते. माझं चुकलं ते चुकलं, पण मुद्दा माझाच बरोबर होता. आजही आहे!

आमचं गाव चाकणजवळ, निघोज्याच्या शेजारी. नाव सांगत नाही, सांगितलं तर आबा मला घरात घेणार नाहीत. आबा म्हणजे माझे मोठे चुलते. गावाच्या कडेने एक ओढा वाहतो. एका गोडाऊनवाल्याला ट्रकांसाठी सरळ रस्ता हवा होता. म्हणून ओढ्यात पाइप टाकायचे, वर मुरूम, वर काँक्रीट. ओढा गायब! ग्रामसभेत तसा ठराव येणार होता आणि आबांसकट सगळी मोठी मंडळी हात वर करायला टपून बसली होती.

"मेलाय त्यो वढा," आबा म्हणाले. "त्यात जित्तं काय बी न्हाई. आन् मेलेल्याला झाकायचंच आसतं."

"जिवंत काही नाही हे कोणी ठरवलं?"

"मग तुला दिसला का कंदी मासा?"

"न दिसताही सिद्ध करता येतं!"

मी चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर नमुने तपासायचे, ओके की रिजेक्ट ते सांगायचं. शिवाय नदीसाठी काम करणाऱ्या एका गटात जाते. तिथे मला ही डीएनएची गंमत कळली होती. पाण्यात जो जीव राहतो तो मागे काहीतरी सोडतोच. खवला, कातडी, लाळ, विष्ठा. ते पाणी एका बारीक गाळणीतून दाबून काढायचं आणि गाळणी प्रयोगशाळेत पाठवायची. तिथले लोक डीएनए वाचून सांगतात, या पाण्यात कोण कोण नांदतंय. जाळं नको, गळ नको.

आबांना हे समजावलं, तर म्हणाले, "म्हंजी मासा न बगताच मासा हाय म्हनायचं?"

"पोलीस नाही का बोटांच्या ठशावरून चोर ओळखत?"

"त्यो चोर बी कुटं घावतोय?"

सांगा, अशा माणसाशी काय बोलायचं?

एमआयडीसीला सुट्टी गुरुवारची. आषाढ संपत आला होता. गुरुवारी सकाळी मी किट घेऊन निघाले, तर काकू, म्हणजे आबांची बायको, दारातच आडव्या आल्या.

"रेश्मे, आज नगं जाऊ वढ्याला. आज आवस हाय."

"मग? अमावस्येला मासे घाबरतात का?"

"तसं न्हाई गं. काल रातच्याला वरच्या पुलावर..."

"काकू, भुताच्या गोष्टी मला सांगू नका!" असं म्हणून मी स्कूटीला किक मारली. या लोकांचं ना, एकदा ऐकायला लागलं की संध्याकाळ होते!

पाणी घेतलं. हातमोजे घालून, अगदी नियमाने. क्वालिटीची मुलगी आहे मी, नमुना कसा घ्यायचा ते मला शिकवू नका.

निकाल आला तो थेट गांधी जयंतीला, ग्रामसभेच्या दिवशी सकाळी, मोबाइलवर. उघडून पाहिलं तर नावंच नावं! सगळी शास्त्रीय, लॅटिन. मी इंजिनिअर, मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण यादी लांब होती. एवढे जीव! मला दुसरं काय हवं होतं?

ठराव वाचला गेला आणि मी उभी राहिले.

"हा ओढा मेलेला नाही! ऐका. गॅलस गॅलस! काप्रा हिर्कस! हार्पाडॉन नेहेरियस!"

काय सांगू, आवाज असा लागला होता! मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. गोडाऊनवाल्याचा माणूस घाम पुसायला लागला. आबा तोंड वासून माझ्याकडे बघत होते. मला वाटलं, जिंकले!

सरपंचताई म्हणाल्या, "लई भारी. आता ही नावं मराठीत सांग, म्हंजी भाऊसाहेब लिवून घेतील." भाऊसाहेब म्हणजे आमचे ग्रामसेवक. ते पेन सरसावून बसले.

मी मोबाइलवर शोधलं. "गॅलस गॅलस म्हणजे... कोंबडी."

"कोंबडी?"

"पाणी प्यायला येत असेल!"

"ऱ्हाऊ दे. दुसरं?"

"काप्रा हिर्कस... शेळी."

"ती बी पानी प्यायला," मागून कोणीतरी म्हणालं. हशा सुरू झाला होता. मी घाईघाईने तिसरं नाव शोधलं. आणि वाचलं. आणि मोबाइल खाली ठेवला.

"बोल की," आबा म्हणाले.

"बोंबील."

मग जो काही गलका उठला!

"बोंबील? आरं, समुद्र आला व्हय आपल्या वढ्याला?"

"आता बंदर बांधा! रस्ता कशाला?"

सरपंचताईंनी डोळे पुसत विचारलं, "रेश्मा, पानी कवा घेतलंस तू?"

"गुरुवारी. अमावस्येला."

"आगं, गटारीचं पानी घेतलंस व्हय तू!"

आता लक्षात आलं ना तुमच्याही? श्रावण लागणार, दुसऱ्या दिवशी कंपन्यांना सुट्टी, म्हणून अर्धी एमआयडीसी बुधवारी रात्री वरच्या पुलावर जेवली होती. मटण, चिकन, तळलेले बोंबील! आणि ते सगळे टोप, सगळ्या कढया घासल्या कुठे? माझ्या ओढ्यात! काकू बिचाऱ्या हेच सांगत होत्या. मीच वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही.

तेवढ्यात बायकांच्या बाजूने काकूंचाच आवाज आला. "आवो, पन तुमी तर बुदवारी रातच्याला म्हनला व्हता, पुलावर रस्त्याची मीटिंग हाय!"

आबा एकदम छताकडे बघायला लागले. छताला तेव्हा पंखासुद्धा नव्हता.

मी संधी सोडणारी नाही. "यादी संपलेली नाही!" मी ओरडले. खाली आणखी नावं होती, तीही मोबाइलवर शोधली. मरळ, वाम, बेडूक.

गोडाऊनवाल्याचा माणूस हसला. "ताई, मरळ आन् वाम बी ताटातनंच आले आसतील."

आणि हेच मला झोंबलं हो! कारण तो बरोबर बोलत होता. खरा पुरावा हातात होता आणि माझ्याच घाईने मी तो खरकट्यात बुडवला होता. ओढा आता माझ्यामुळे जाणार होता.

"आणि बेडूक?" मी विचारलं. "बेडूक कोणी तळला होता ते सांगा! उभे राहा, लाजू नका!"

कोणी उभं राहिलं नाही. सरपंचताई म्हणाल्या, "पोरीचं खरं हाय. बेडूक आपन खात न्हाई. पानी पुन्यांदा घ्या, समद्यांम्होरं. तवर ठराव थांबला."

दुसऱ्या वेळी अख्खं गाव काठावर. वरच्या पुलावर राखणीला कोण? आबा! सरपंचताईंनीच बसवलं, हातात काठी देऊन. मी हातमोजे, मास्क, टोपी, सगळं चढवून ऑपरेशनला निघाल्यासारखी उतरले.

"शेवाळ हाय गं, जपून," काकू म्हणाल्या.

"काकू, मला माहीत..."

झालं! पाय सटकला आणि मी ओढ्यात. आडवी. डोक्यासकट. दोन घोट गिळले, चार घोट थुंकले. टोपी पुढे वाहत गेली. काठावर गाव लोळत होतं. किट मात्र हात वर करून धरलं होतं, त्यामुळे ते कोरडं. दुसरं किट नव्हतं, आणि रिकाम्या हाताने वर येणार? मी? कमरेइतक्या पाण्यात तशीच उभी राहून नमुना घेतला.

पुढच्या ग्रामसभेआधी प्रयोगशाळेतल्या बाईंचा फोन आला. कोंबडी नाही, शेळी नाही, बोंबील नाही. मरळ आहे, वाम आहे, बेडूक आहे! मी उडीच मारली.

"पण एक विचारू?" बाई म्हणाल्या. "माणसाचा डीएनए थोडाफार सगळीकडेच येतो. पण इथे सगळ्यात जास्त तोच आहे. त्या दिवशी पाण्यात कोणी पोहत होतं का?"

लपवलं असतं तर? पण आता माझी एकही गोष्ट संशयाला जागा ठेवणारी नको होती. भर सभेत सगळा निकाल वाचला, तोही. आबा म्हणाले, "म्हंजी वढ्यातलं सगळ्यात मोटं जनावर आमची पुतनीच निगाली."

"निघाली ना? मग टाका तिच्या घरावर काँक्रीट! करा हात वर!"

एकही हात वर झाला नाही. आबांचासुद्धा. ओढा वाचला.

भाऊसाहेब इतिवृत्त लिहीत होते. लिहिता लिहिता थांबले, चष्मा वर केला आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "ताई, ओढ्यात आढळलेले जीव लिहितोय. तुमचं नाव माशांच्या आधी घेऊ का नंतर?"

म्हटलं, "आधी घ्या! सगळ्यात जास्त मीच सापडलेय."