सुनंदाचा हेल

गुडघ्यांना खोबरेल चोळायला बसलो की हल्ली मला शाळेच्या सभागृहामागची रंगपटाची खोली आठवते. चेहऱ्यावरचा रंग आम्ही खोबरेलानेच उतरवायचो.

प्रेमात आणि कलेत होरपळलेल्या माणसांचं एक जुनं रशियन नाटक मी रत्नागिरीत त्याच सभागृहात बसवलं होतं. नटी व्हायला घर सोडून गेलेल्या मुलीचं काम पूर्णगडची सुनंदा करायची. ती रोज एसटीने तालमीला यायची आणि मी रोज तिला टोकायचो, "हेल काढू नकोस. पुण्याकडच्यांसारखं बोल." ती मान डोलवायची.

प्रयोगात शेवटचा प्रवेश आला. सगळं गमावून परतलेली ती मुलगी बोलू लागली आणि सुनंदाच्या तोंडी तिचा पूर्णगडचा हेल आला. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही.

ती रंग पुसत असताना मी म्हटलं, "शेवटी घोळ घातलासच."

"सर, तेव्हा मी नाटक करतेय हे विसरलेच होते," ती हळूच म्हणाली.

पुढच्या नाटकाला बोलावलं, तर ती आली नाही. नंतर मी शुद्ध बोलणारे पुष्कळ नट उभे केले आणि त्यातच दमून गेलो. पूर्णगड इथून फार लांब नाही. तुझंच बरोबर होतं, एवढं सांगायला मी कधी गेलो नाही.