थीसिसचे पेढे

शनिवारी सकाळी नऊ वाजता मी चहाचा मोठा कप घेऊन कॉम्प्युटरसमोर बसते. नॉर्वेत तेव्हा दुपारचे तीन वाजलेले असतात आणि माझ्या मुलीच्या फुटबॉल क्लबची मॅच सुरू होत असते. कॅमेरा एकच, तोही खांबावर बसवलेला. वारा सुटला की अख्खं मैदान हलतं. कॉमेंटरी नॉर्वेजियन. त्यातलं मला फक्त आमचं आडनाव कळायचं, आणि तेही ते लोक इतकं मोडून म्हणायचे की सासूबाईंनी ओळखलं नसतं.

गाव समुद्रकाठचं, लहानसं. क्लबची पुरुषांची टीम कुठल्याशा खालच्या डिव्हिजनमध्ये रडतखडत खेळते. बायकांची टीम मात्र देशातल्या भल्याभल्यांना घाम फोडते. पहिल्या वर्षी मुलगी फोनवर सांगत होती, "मॉम, इथे विमेन्सच्या मॅचला सगळं टाउन येतं!" मी म्हटलं, "बरं. जेवतेस ना नीट?"

इथे न्यू जर्सीत, आमच्या वेस्ट विंडसरमध्ये मुलं एकतर कुठेतरी ॲडमिशन घेतात, नाहीतर कुठेतरी जॉइन होतात. इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेली माझी मुलगी परदेशात बॉलमागे धावते, हे मराठी मंडळात कोणत्या तोंडानं सांगायचं? गणपतीत एका मैत्रिणीनं विचारलं आणि मी ठोकून दिलं, "नॉर्वेला मास्टर्स करतेय." खोटं एकदा जन्माला घातलं की त्याला खाऊपिऊ घालावं लागतं. पुढच्या वर्षी मी तिला एक थीसिसही देऊन टाकला. विषय विचारला तेव्हा 'समुद्राचं काहीतरी' म्हणून वेळ मारून नेली.

त्या क्लबात एक रीत आहे. हाफटाइमला वॉफल्स विकतात, आणि ती खेळाडूंचे आईबाप पाळीपाळीनं भाजतात. कामाचे पैसे कोणी घेत नाही. क्लब गावाचा, म्हणून काम गावाचं. मुलगी म्हणाली, "एकदा ये ना, मॉम. सगळ्यांच्या आया एक टर्न करतात. मी तुझं नाव लिहू?" मी म्हटलं, "मी एम. डी. काय वॉफल भाजायला झाले?" हसत म्हटलं होतं मी. ती हसली नाही. तिचे बाबा असते तर मिळेल त्या विमानानं गेले असते. ते लोक वॉफलच्या पिठात वेलदोडा घालतात, हे मला पुढे कधीतरी कळलं. मला वेलदोड्याचं तेवढं तरी जमलं असतं.

त्या वर्षी सीझन संपल्यावर ती घरी आली आणि मी तिला मंडळाच्या दिवाळीला घेऊन गेले. मोठी चूक. फराळाच्या रांगेत माझी तीच मैत्रीण तिला भेटली. "काय गं, थीसिस कुठपर्यंत आला?" मुलीनं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि शांतपणे म्हणाली, "ऑलमोस्ट डन, काकू."

गाडीत ती म्हणाली, "मॉम, यू कुड हॅव जस्ट सेड आय प्ले."

"अगं, लोकांना नाही समजत ते."

"दे वुड हॅव. तुला नाही समजत."

ती चार दिवस आधीच परत गेली. तोवर दर शनिवारी मॅचची लिंक पाठवायची, ते बंद झालं. मी शोधून शोधून बघायला शिकले. तिला हे माहीत नाही. सांगायला हवं होतं, पण मला वाटलं, ती आधी बोलेल. हट्टीपणा तिनं काही बापाकडून घेतलेला नाही.

या मे महिन्यात एका शनिवारी ती बॉलसाठी वळली आणि खाली बसली. कोणाचा धक्काही लागला नव्हता. मी तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट होते; दुनियेचे गुडघे वाचण्यात माझे डोळे गेले. कॉमेंटेटरला कळायच्या आत मला कळलं होतं. त्याच गुडघ्याचं लिगामेंट आधी दोनदा शिवलेलं. आता खेळणं संपलं. स्ट्रेचर आलं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि मी न्यू जर्सीत स्क्रीनला हात लावून नुसती "अगं, अगं" करत होते.

सात फोन केले. उचलला नाही. शेवटी लिहिलं, 'एमआरआय पाठव. मी वाचते.' दोन दिवसांनी उत्तर आलं. 'इट्स ओके, मॉम. इथे डॉक्टर आहेत. काकूला सांग, थीसिस सबमिट झाला.'

दुनियेचे गुडघे वाचले. पोटच्या पोरीचा कुणी तिसऱ्यानं वाचला. किती वेळा तो मेसेज उघडला असेल, देव जाणे. मी ठरवलं, आता मंडळात सगळ्यांना खरं सांगायचं. माझी मुलगी फुटबॉल खेळायची, नॉर्वेत, आणि तिच्यासाठी एक अख्खं गाव उभं राहिलं. आरशासमोर म्हणूनही पाहिलं.

त्याच आठवड्यात इंडियन ग्रोसरीच्या दुकानात ती मैत्रीण भेटली. हातातली मेथीची जुडी खाली ठेवून म्हणाली, "लेकीचं काय? संपलं का मास्टर्स?"

मी तोंड उघडलं.

"हो," मी म्हटलं, "संपलं."

"अगं, मग पेढे कुठायत?"

मिठाईचं काउंटर तिथंच होतं. ज्या दिवशी क्लबनं तिला निवडलं, त्या दिवशी मी पेढे वाटले नव्हते. आता एक किलोचा बॉक्स घेतला, तिथंच उघडला आणि तिच्यासमोर धरला.