बाद न होणाऱ्यांचा खेळ

रेणू शहारे माझी विद्यार्थिनी. एका जागी बसणं तिला कधी जमलंच नाही. वर्गात बाकाखाली पाय हलवायची, प्रार्थनेत बोटं मोडायची. १९९९ साली मी गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या शाळेत खेळशिक्षक म्हणून लागलो आणि तीन वर्षांनी ही सहावीत आली. मी तिला कबड्डीत घातलं. चढाईला गेली की पाच-सहा जणींच्या तावडीतून हात लावून परत यायची.

माझ्या मैदानावर एकच शिस्त. धरलं की बाद, आणि बाद झालं की मान खाली घालून तडक बाहेर. पंचाकडे बघायचं नाही, कुरकुर करायची नाही. जी रेंगाळेल तिला पाच फेऱ्या. या शिस्तीचा मला भारी तोरा होता.

२०१८ साली रेणू सत्तावीस वर्षांची. धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, जायची, संध्याकाळी गावातल्या मुलींना कबड्डी शिकवायची. रग्बी लीग नावाच्या खेळाचा भारताचा महिला संघ नव्याने बांधताहेत, हे तिने मोबाइलवर वाचलं. मला न विचारता चाचणीला गेली आणि निवडलीही गेली. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. शिकवायचं आम्ही आणि हिने परस्पर भारताच्या संघात जायचं!

संघ अगदी कोवळा. हा खेळ खेळलेल्या मुली आणणार कुठून? कबड्डीतल्या, धावण्यातल्या वेचल्या, बारा दिवसांचं शिबिर घेतलं आणि परदेशी स्पर्धेला नेल्या. सामने दोनच. त्यांत खेळायला मिळावं, एवढंच रेणूला हवं होतं. "आता नाही त कधीच नाही जी सर," ती फोनवर म्हणाली.

पहिला सामना मी तिच्या घरी, तिच्या आईसोबत, रुक्माबाईसोबत, मोबाइलवर पाहिला. चित्र दर मिनिटाला अडायचं. मी फोन धरून अंगणभर फिरत होतो आणि रुक्माबाई माझ्या मागे. खेळ तसा साधा. तेरा जणी, चेंडू बगलेत घेऊन पळायचं. पाडलं तर उठायचं, चेंडू पायाने मागच्या मुलीकडे सरकवायचा आणि खेळ चालूच. सहा वेळा पाडेपर्यंत चेंडू आपलाच.

रेणूला चेंडू मिळाला. तिघींनी तिला आडवी केली. ती उठली, चेंडू गवतावर ठेवला आणि मान खाली घालून सरळ रेषेबाहेर चालत गेली. पडलेला चेंडू समोरच्या मुलीने उचलला आणि पळत जाऊन गुण घेतले.

"काऊन गेली जी बाहेर? लागलं का तिले?" रुक्माबाईने विचारलं.

लागलं बिगलं काही नव्हतं. ती माझी शिस्त होती.

संध्याकाळी रेणूचा फोन आला. "शिबिरात बरोबर करत होती मी. आज सगळे ओरडून राहिले होते, मले वाटलं का मी बाद झाली. परवा खेळवत नाही म्हणते कोच."

मी कोचबाईंना फोनवर बोलावलं आणि माझ्या गोंदियाच्या हिंदीत सांगितलं, "गलती उसकी नहीं, मेरी है."

"तो कल तक आप ही ठीक कीजिए," त्या म्हणाल्या.

आता फोनवरून काय ठीक करणार? दुसऱ्या दिवशी शाळेत कशात लक्ष लागेना. रिकाम्या मैदानावर मी पंचावन्न वर्षांचा माणूस एकटाच कबड्डी कबड्डी करत पळू लागलो. धाप लागून तोंड थांबलं, पायही आपोआप थांबले, आणि डोक्यात उजेड पडला. तिथूनच रेणूला फोन लावला.

"तोंड बंद करू नको. धरलं, पाडलं, अंगावर पडल्या, तरी कबड्डी कबड्डी चालू ठेव. चेंडू मागे जाईस्तोवर दम सोडायचा नाही. दम आहे तोवर तू बाद नाहीस."

"हसतील जी सगळ्या."

"हसू दे."

दुसऱ्या सामन्यात तिला शेवटची वीस मिनिटं मिळाली. पहिल्याच धावेत पाडली. चौघींच्या ढिगाखाली ती दिसेना आणि नेमकं तेव्हाच चित्र अडलं. मी फोन हलवला, कंपनीला शिव्या घातल्या. चित्र आलं तेव्हा रेणू उभी होती. ओठ हलत होते आणि चेंडू पायाखालून मागे जात होता. पुन्हा पाडली, पुन्हा उठली. संघ सपाटून हरला. मी मात्र रुक्माबाईसमोर आनंदाने रडलो.

थोड्या वेळाने फोन वाजला. "सर, अकरा वेळा पाडलं मले. एकदाही बाहेर नाही गेली."

"पाहिलं, बेटा."

"एक विचारू? विभागाच्या कबड्डी निवडीत तीनदा माझं नाव कापलं. चढाई माझीच चांगली होती, तुमाले माहीत होतं. तिन्ही वेळा तुमी म्हटलं, चाल, घरी जाऊ. भांडले काऊन नाही जी?"

रुक्माबाई माझ्याकडे बघत होती. तिच्यासमोर खोटं बोलवेना.

"भीत होतो," मी म्हणालो. "भांडलो तर आपल्या शाळेला पुन्हा बोलावणार नाहीत, असं वाटायचं."



"आईले द्या फोन," रेणू म्हणाली.