शाळा सहा मिलिमीटर खचली

“शाळा खचतेय आणि तुम्ही चहा पिताय?” आमचे एक्झिक्युटिव्ह इंजिनिअर देसाईसाहेब दारातूनच गरजले.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. पनवेलजवळ खाडीकाठी भराव घालून कोळीवाड्यासाठी शाळा बांधली होती. भराव बसायचा थांबला, असा माझा सर्व्हे रिपोर्ट गेला की कुलूप उघडणार. तोवर मुलं जाळ्यांच्या शेडमध्ये शिकत होती. आणि या महिन्यात जमीन सहा मिलिमीटर खाली गेलेली!

“उद्या परत मोजा. तसंच आलं तर शाळा रद्द,” साहेब म्हणाले.

मी तक्ता पाहिला आणि मला हसूच आलं. माझी उमेदीची वर्षं चंद्रपूरकडे कोळशाच्या खाणींवर गेली. खालून कोळसा काढला की वरची जमीन बसते. ती किती बसली, हे मी मोजायचो. जमीन परातीसारखी बसते, मध्ये जास्त, कडेला कमी. इथे भरावात ठोकलेल्या बाराच्या बारा खुंट्या नेमक्या सहा मिलिमीटर खाली. एवढी शिस्त जमिनीला कुठली?

“साहेब, जमीन जागेवर आहे. बेंचमार्क वर आलाय.”

बेंचमार्क म्हणजे न हलणारा दगड. सगळ्या उंच्या त्याच्यापासून धरायच्या. तोच उंच झाला, तर बाकी सगळं खाली गेल्यासारखं दिसतं.

“कातळात बसवलेला दगड वर आला? जोशी, रजा घ्या तुम्ही.”

रजा न घेता मी दुसऱ्या दिवशी मोजणीची पट्टी धरणाऱ्या गणपत खलाशाबरोबर कातळावर गेलो. कोळीवाड्यातल्या हिराबाई दगडाला तेल-शेंदूर लावत होत्या. आमचा लाल रंग आधीच होता, त्यामुळे दुर्बिणीतून मला काहीच कळलं नव्हतं. शेंदराचा जाड थर चढला होता.

“गणपत, पट्टी दर वेळी यावर ठेवतोस. बोलला नाहीस?”

“देवावरचा शेंदूर मी खरवडू, साहेब?”

“हा देव नाही, हिराबाई.”

“नाय कसा? पयला नारल तुमीच फोरला व्हता!”

खरंच की! कामाच्या मुहूर्ताला मीच या दगडाला कुंकू लावून नारळ फोडला होता. मी शरमलो. शाळा कशामुळे अडलीय, ते सरळ सांगून टाकलं.

“आमची पोरां अडलीं व्हय?” म्हणत हिराबाईंनी दगडाला हात जोडले आणि स्वतःच शेंदूर खरवडून काढला. पुन्हा मोजलं. बाराही खुंट्या जागच्या जागी!

जूनमध्ये शाळा भरली. तेव्हापासून जमिनीवर आळ घेण्याआधी मी बेंचमार्क पुसून घेतो. आणि मुहूर्ताचा नारळ जीपच्या चाकापुढे फोडतो.