आप्पासाहेबांची गाडी आणि हिरवा दिवा

त्या गाडीचं नुसतं नाव काढलं तरी मला शिसारी येते.

आमचे मिस्टर बाबुराव खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तेहेतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. रिटायर झाले, पण घरात बसवेना. मिक्सर उघडून झाला, इस्त्री उघडून झाली. शेवटी मीच म्हटलं, अहो, जा बाई कुठेतरी एकदाचे! तेव्हा वाघोलीच्या आप्पासाहेबांकडे काम मिळालं. आप्पासाहेबांची शेती बिल्डरकडे गेली आणि दारात लांबलचक परदेशी गाडी आली. पण नगर रोडच्या ट्रॅफिकमध्ये ओरखडा पडेल, म्हणून ती बाहेर काढायची नाही! दसऱ्याला हार घालायचा, गावातून एक चक्कर मारायची, की परत कव्हर.

असली गाडी नुसती उभी राहिली तरी बॅटरी उतरते म्हणे. म्हणून तिला मेंटेनर लावलेला. छोटासा डबा, बॅटरीला दोन चिमटे, भिंतीत प्लग. हिरवा दिवा दिसला की बॅटरी भरलेली. तो दिवा रोज बघायचा आणि गाडी पुसायची, हे ह्यांचं काम. त्यासाठी खडकीहून बस बदलत जायचे. तीन वर्षं! पोटच्या पोरीचा ताप ह्यांनी कधी इतक्यांदा बघितला नाही.

आमच्या दीक्षाचं लग्न ठरलं, तेव्हा आप्पासाहेब माझ्यासमोर म्हणाले, "बाबुराव, पोरगी ह्याच गाडीतनं हॉलवर जानार. शब्द हाय माझा." ह्यांनी आयुष्यात कोणाकडे काही मागितलं नाही, इथेही नव्हतं मागितलं. पण घरी येऊन चप्पल काढायच्या आधी पोरीला सांगितलं. दीक्षाने ऑफिसभर सांगून टाकलं. आदल्या दिवशी ह्यांनी गाडी धुतली, हिरवा दिवा बघितला, मगच घरी आले.

लग्नाच्या सकाळी नऊला आप्पासाहेबांचा फोन. "बाबुराव, बॅटरी उतरलीया. गाडी चालूच होईना."

हे "बरं साहेब" म्हणाले आणि रिक्षा आणायला गेले. हॉलच्या दारात दीक्षाच्या मैत्रिणी मोबाइल रोखून गाडीची वाट बघत उभ्या होत्या. आमच्या बौद्ध पद्धतीच्या पांढऱ्या साडीतली माझी पोर रिक्षातून उतरली. बापाने दिवसभर तिच्याकडे वर मान करून बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी लाडूंचा डबा घेऊन आम्ही दोघं वाघोलीला गेलो. वाटलं, बिघडलीही असेल खरंच. हे सरळ गाडीपाशी गेले. हिरवा दिवा लागलेला. बटण दाबलं, तर पहिल्या फटक्यात चालू! अहो, खोटंच बोलायचं तर पंक्चर म्हणा, ड्रायव्हर आला नाही म्हणा. बॅटरीचं खोटं, आणि तेही ह्यांनाच?

आवाज ऐकून आप्पासाहेब बाहेर आले. "काय सांगू बाबुराव... आतल्या सीटा पांढऱ्या हायेत. आईला चालत नाय."

काय चालत नाही, ते मला बरोबर कळलं. ह्यांनी धुतलेली गाडी चालते, ह्यांनी आणलेला दसऱ्याचा हार चालतो, आमची पोरगी चालत नाही! थू तुमच्या गाडीवर!

हे चिडले नाहीत. प्लग काढला, चिमटे सोडले, कारखान्यातल्यासारखी वायर नीट गुंडाळली आणि मेंटेनरचा डबा आप्पासाहेबांच्या हातात ठेवला.

"बॅटरी उतरली म्हणालात ना, साहेब? आता उतरेल. तुमचा शब्द खोटा पडायला नको."

लाडूंचा डबा मी परत आणला. बसमध्ये आम्ही दोघांनी दोन-दोन खाल्ले.