माइक चालूच होता

कोंबडा आरवला की माझी लेक रेवा चटकन माइक बंद करायची. पुण्यातल्या कंपनीचं काम ती आमच्या ओसरीवरून करते, आणि कुणी गाव विचारलं की ‘पुण्याजवळच’ म्हणायची. पुणं इथून सहा तास. मीसुद्धा शहरात गावाचं नाव कायम खालच्या आवाजातच सांगत आलो. गावावरून माणसाचं मोल ठरवायची खोड आधी आपल्यालाच असते.

आज लॅपटॉपमधून तिचे साहेब म्हणाले, “ऑफिसला या, नाहीतर गावाप्रमाणे पगार कमी होईल.”

रेवा म्हणाली, “सर, मी करंजवाडीत राहते. इथून केलेलं माझं काम कुठे कमी पडलं, तेवढं सांगा.”

तेवढ्यात कोंबडा आरवला. मी त्याला हाकलायला उठलो, तर तिने हातानेच मला बसवलं. माइक चालूच होता.